‘कारण’ नावाचा रकाना

साहित्याच्या अभ्यासकाने कारखान्यातील कागदपत्रे वाचावीत, असे म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारचे हसू उमटते. मराठी विभागातले हसू सौजन्याचे असते. ‘हे आमचे क्षेत्र नव्हे’ एवढेच त्यातून सुचवायचे असते. कारखान्यातले हसू जरा मोकळे असते. ‘तुम्हाला यातले काय कळणार’ हे तिथे सरळच बोलून दाखवले जाते. आम्हाला ही दोन्ही हसणी एकाच अज्ञानातून आलेली वाटतात आणि त्या अज्ञानाशी भांडण करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्राच्या एखाद्या भागात बदल करण्याची विनंती, तिची छाननी, मंजुरी आणि नोंद हा मुळात भाषेचा व्यवहार आहे. तो संगणकप्रणालीवर सोपवून आपण मोकळे झालो. त्यामुळे त्यातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे बदल का केला याचे सांगणे, आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. आणि या हानीची जबाबदारी जितकी उद्योजकांची, तितकीच मराठीच्या प्राध्यापकांची आहे.

हा वाद कोल्हापुरात घालणे सर्वांत योग्य. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. तेथून काही किलोमीटरांच्या आत शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती आहेत. शहरात जुने उद्यमनगर आहे आणि पुढे कागलकडे नवी वसाहत पसरली आहे. इथल्या फाउंड्र्यांतून वाहनांसाठी, ट्रॅक्टरांसाठी, पंपांसाठी लोखंडाची कास्टिंगे ओतली जातात आणि देशभर व देशाबाहेर जातात. एकीकडे भाषेचा सूक्ष्म अभ्यास करणारी माणसे आणि दुसरीकडे रोज शेकडो निर्णय भाषेतून घेणारी माणसे, यांच्यात अंतर फार थोडे आहे. जाणे-येणे मात्र नाही. हे असेच असते, असेही नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर आणि यंत्रे घडवणाऱ्या कारखान्यातूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले आणि त्यातून मराठी नियतकालिकांची एक अख्खी परंपरा उभी राहिली. लोखंड आणि लेखन एका छपराखाली नांदू शकते, हे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

आता हा बदलाचा व्यवहार असतो तरी कसा, ते पाहू. समजा, एका हाउसिंगचे कास्टिंग आहे. त्याच्या ड्रॉइंगवर भागाचा क्रमांक असतो आणि शेजारी रिव्हिजनचे अक्षर किंवा अंक. त्यात काही बदल व्हावा असे कुणाला तरी वाटते : ग्राहकाच्या डिझाइन विभागाला, मशिन शॉपला किंवा साचा भरणाऱ्या माणसाला. मग बदलाची विनंती दाखल होते. तिचा परिणाम कशाकशावर होईल हे तपासले जाते, खर्चाचा अंदाज निघतो, ती मंजूर किंवा नामंजूर होते. मंजूर झाली तर तिचा आदेश बनतो, आदेशाप्रमाणे कागद आणि वस्तू दोन्ही बदलतात आणि शेवटी तो आदेश बंद होतो. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या सॅप या कंपनीची किंवा तत्सम कुणाची प्रणाली जिथे आहे, तिथे प्रत्येक बदलाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्या एका क्रमांकाखाली ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी आणि कामाचा क्रम या सगळ्यांतले बदल एकत्र बांधले जातात आणि ते कोणत्या तारखेपासून लागू हेही ठरते. जुने पुसले जात नाही. मागची तारीख विचारली तर प्रणाली त्या तारखेची यादी दाखवते, आजची विचारली तर आजची.

पाठचिकित्सा शिकलेल्या कुणाही विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसायला हवे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती नेमके हेच करते : वर स्वीकारलेला पाठ, खाली नाकारलेले पाठ आणि कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे याची खूण. बदलाची नोंद ठेवणे हे शास्त्र आपल्याला परके नाही. परके आहे ते एवढेच, की हे शास्त्र लोखंडालाही लागू पडते.

या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्नही ग्रंथांचा आणि कास्टिंगांचा एकच आहे. किती बदल झाला म्हणजे वस्तू तीच राहत नाही? कारखान्यात यासाठी एक नियम पाळतात. आकार, जुळणी आणि कार्य या तिन्हींत नवा भाग जुन्याच्या जागी बिनदिक्कत बसत असेल तर फक्त रिव्हिजन बदलावे. यांपैकी एकातही फरक पडत असेल तर भागाला नवा क्रमांक द्यावा. मराठी प्रकाशनव्यवहारात ‘दुसरी आवृत्ती’, ‘सुधारित आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द ज्या सैलपणाने वापरले जातात, तो सैलपणा कारखान्यात परवडत नाही. तिथे त्याची किंमत माणसे मोजतात.

हे शब्दशः खरे आहे. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या काही गाड्यांतला किल्लीचा स्विच जरुरीपेक्षा सैल होता. धक्का बसला किंवा किल्लीला जड जुडगा लटकला तर चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. २००६ साली त्या स्विचच्या आतला भाग बदलून तो घट्ट करण्यात आला. परंतु भागाचा क्रमांक मात्र जुनाच राहिला. परिणामी जुन्या गाड्या बंद पडतात आणि नव्या पडत नाहीत, याचा उलगडा तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे होईना, कारण कागदोपत्री दोन्ही स्विच एकच होते. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. बदल योग्य होता. तो करणाऱ्याच्या हातून वस्तू सुधारली होती. नोंद मात्र फसवी झाली आणि सुधारणेनेच मूळ दोष झाकला. अनभिज्ञ लेखनिकाची चूक आणि जाणत्या लेखनिकाची मूक दुरुस्ती यांत दुसरी अधिक घातक, हे पाठचिकित्सेतले जुने शहाणपण आहे. त्याची याहून भीषण साक्ष कोणती मिळणार?

इथवर कारखान्यातले जाणकार आमच्याशी सहमत असतील. ते म्हणतील, म्हणूनच तर आम्ही प्रणाली घेतली. आणि इथूनच आमचे भांडण सुरू होते.

प्रणाली काय जपते? काय बदलले, कुणी बदलले, कधीपासून बदलले. हे ती चोख जपते. का बदलले, याचे काय? सॅपच्या बदल-नोंदीत कारणासाठी एक रकाना आहे आणि त्यात चाळीस अक्षरे मावतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांचीही संगणक स्वतंत्र मोजणी करतो, तेव्हा मराठीच्या वाट्याला त्याहूनही कमी जागा येते. सविस्तर मजकूर लिहिण्याची सोय वेगळी आहे, हे मान्य. पण सोय असणे आणि तिचा वापर होणे यांत जे अंतर आहे तेच तर आमच्या तक्रारीचे मूळ. गुणवत्तेच्या मानकांचीही हीच तऱ्हा. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत उत्पादनातल्या बदलांवरील नियंत्रणाचे कलम ८.५.६ आहे. त्यात जपायच्या नोंदी सांगितल्या आहेत त्या अशा : बदलाच्या तपासणीचे निष्कर्ष, बदलाला मंजुरी देणारी व्यक्ती आणि तपासणीतून निघालेली आवश्यक कार्यवाही. कारणाचे नाव त्या यादीत नाही. तपासणी करणारा शहाणा असेल तर कारण विचारेलच, असे मानून ते सोडून दिलेले दिसते. शहाणपण गृहीत धरणारी व्यवस्था शहाण्यांच्या हाती चालते. इतरांच्या हाती तिचे कागदी घोडे होतात.

त्या रकान्यात प्रत्यक्षात काय भरले जाते? ‘अ‍ॅज पर रिक्वायरमेंट.’ ‘कस्टमर रिक्वेस्ट.’ ‘क्वालिटी इम्प्रूव्हमेंट.’ साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या तीन शब्दसंहिता नीट वाचाव्यात. पहिलीत कर्ता नाही. दुसरीत कर्ता आहे, हेतू नाही. तिसरीत हेतूचा भास आहे, आशय नाही. तिन्ही कोणत्याही बदलाला लागू पडतात. म्हणूनच त्या कोणत्याही बदलाविषयी काही सांगत नाहीत.

आता याच बदलाचे दुसरे रूप पाहा. कोअरमधला वायू साच्याबाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि कास्टिंगला भोके पडतात. हे दोष पुष्कळदा मशिनिंग झाल्यावर, म्हणजे बराच खर्च होऊन गेल्यावर दिसतात. साच्यावर काम करणारा एखादा अनुभवी माणूस सुपरवायझरला जे सांगेल ते साधारण असे असेल : ‘साहेब, कोअरातला ग्यास बाहेर निघंना झालाय. त्या कडंला लोखंड अदुगर पोचतंय, ग्यासला वाट ऱ्हात न्हाई. हितं एक व्हेंट काढूया.’ वाक्ये आमची आहेत. त्यातले ज्ञान उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. या तीन वाक्यांत निरीक्षण आहे, कार्यकारणभाव आहे, जागा आहे आणि उपाय आहे. संगणकात हीच घटना ‘कोअर मॉडिफिकेशन अ‍ॅज पर रिक्वायरमेंट’ अशी नोंदली जाते. बोलीतले वाक्य अभियांत्रिकीचे आहे. इंग्रजीतली नोंद नुसती कारकुनी आहे. आपल्या समजुतीत मात्र दोघांच्या जागा नेमक्या उलट्या ठरलेल्या असतात.

यात नुकसान कुणाचे होते, तेही स्पष्ट सांगायला हवे. ड्रॉइंग बदलले तरी जुने ड्रॉइंग कपाटात किंवा संगणकात शिल्लक असते. पॅटर्न किंवा कोअर बॉक्स तासून बदलला, की जुना उरतच नाही. मागचा पाठ खरवडून त्याच पानावर नवा लिहावा, तसे हे काम आहे; नोंद हीच जुन्याची एकमेव साक्षीदार. तीन वर्षांनी सुपरवायझर बदलतो, साचा भरणारा माणूस दुसरीकडे जातो, नवा अधिकारी खर्च वाचवण्यासाठी ‘हा व्हेंट कशाला?’ असे विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे काहीच हाती नसते. व्हेंट बंद होतो. भोके पुन्हा पडू लागतात. मग चौकशी होते आणि ती साच्यापाशी राबणाऱ्या माणसापाशी येऊन थांबते, कारण मंजुरीच्या सह्या वरच्यांच्या असल्या तरी हात त्याचे असतात. कारणाची नोंद नसली की दोषाची जबाबदारी नेहमी खाली घरंगळते. आम्ही ज्याला भाषेचा प्रश्न म्हणतो तो या अर्थाने रोजगाराचा आणि न्यायाचाही प्रश्न आहे.

‘का’ विचारण्याने केवळ स्मृती जपली जाते असेही नाही. निर्णयच बदलू शकतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी टांगते सज्जे कोसळून ११४ माणसे दगावली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा सज्जा एकाच सलग सळईला टांगलेला होता. बनवायला सोपे जावे म्हणून एका सळईच्या दोन सळया झाल्या, आणि वरच्या सज्ज्याच्या तुळईच्या जोडावर खालच्या सज्ज्याचाही भार आला. हा बदल भाराचा हिशेब पुन्हा न मांडताच मान्य झाला होता. ‘बनवायला सोपे’ हे कारण कुणी पूर्ण वाक्यात लिहिले असते, तर ‘सोपे, पण भाराचे काय?’ हा पुढचा प्रश्न वाचणाऱ्याला सुचण्याची निदान शक्यता तरी होती. पूर्ण वाक्य हे विचाराचे उपकरण आहे, हे आपण वर्गात शिकवतोच ना?

आता आपल्या परंपरेकडे वळू, कारण ही सगळी पश्चिमेकडून आलेली कटकट आहे, असा एक समज आहे. करवीर गादीशी निगडित असलेले रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले लेखन. ते राज्यकारभाराचे लेखन आहे. आज ते मराठी गद्याचा नमुना म्हणून अभ्यासले जाते. का? केवळ जुने आहे म्हणून नव्हे. आरमारासाठी लाकूड हवे तेव्हा रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. आणि त्याला लगेच कारण जोडले आहे की ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. आज्ञेला कारणाची जोड आहे म्हणून ते गद्य तीनशे वर्षे जिवंत राहिले. नुसता ‘झाडे तोडू नयेत’ असा हुकूम असता, तर तो दप्तरात धूळ खात पडला असता.

याच कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा आदेश निघाला. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांमधून भराव्यात, असा तो बदल. बदलाचा दस्तऐवज म्हणून तो वाचून पाहावा. बदल का हवा याचे विवेचन आरंभी आहे. तो केव्हापासून लागू हे सांगितले आहे. ‘मागास’ कुणाला म्हणायचे याची व्याख्या आहे. पूर्वीच्या नेमणुकांचे काय, हा कारखान्यातल्या ‘जुन्या स्टॉकचे काय’ या प्रश्नाचाच भाऊबंद असलेला प्रश्नही त्यात सुटलेला आहे : असलेल्यांना काढायचे नाही, रिकाम्या जागा भरताना प्रमाण साधायचे. आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचे तक्ते पाठवावेत, म्हणजे अंमलबजावणीची नोंद आहे. आज लाखो रुपये मोजून बसवलेल्या प्रणालीतून निघणारे किती आदेश या पाच कसोट्यांना उतरतील?

आणखी मागे जाऊ. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत गेल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. असे करताना भिन्न आठवणी एकमेकींत कालवून एक गुळगुळीत मजकूर तयार करण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणा करून वेगळे पाठ वेगळे ठेवले आणि पाठ कुणाचा, हेही सांगितले. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ज्याने पाहिले किंवा ज्याला आठवले त्याचे नाव मजकुराला चिकटून राहिले पाहिजे, ही दक्षता मराठी गद्याच्या आरंभापासूनची आहे. दुसरीकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. शुद्धी कुणी केली, कधी केली हे नोंदवले आणि पुढे कुणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावलेही. फार मोठे काम. परंतु कोणत्या ओवीत काय बदलले आणि का, याचा तपशील आपल्या हाती नाही, म्हणून वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून वेगळी संहिता छापली तेव्हा सुरू झालेले वाद आजही मिटलेले नाहीत. एकनाथांच्या कार्याविषयीच्या आदरात यामुळे तिळमात्र उणीव येत नाही. बदल-क्रमांक आणि तारीख जपली तरी स्थळवार कारणे न जपल्यास पुढच्यांना काय भोगावे लागते, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

आता आक्षेप. पहिला : ग्राहक पुण्याचा, चेन्नईचा किंवा जर्मनीचा, त्याला मराठी नोंद काय कामाची? उत्तर सोपे आहे. जे मराठीत पूर्ण लिहिले आहे त्याचे भाषांतर करता येते. जे लिहिलेच नाही त्याचे कोणत्याच भाषेत करता येत नाही. युनिकोडवर चालणाऱ्या प्रणालीत देवनागरी मजकूर साठवण्यात आता तांत्रिक अडचणही उरलेली नाही. आणि आमचा आग्रह अस्मितेचा नाही. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसेही राबतात. त्यांना दोष दिसला तर तो त्यांच्या भाषेत सांगितलेला टिपून घ्यावा. पाहणाऱ्याचे शब्द आधी, भाषांतर नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप परिभाषेचा. मराठीत या गोष्टींना शब्द कुठे आहेत? भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि त्याने परिश्रमपूर्वक परिभाषा कोश सिद्ध केले. ते कोश शासनाच्या फायलींत उपयोगी पडले असतील. साच्यापाशी ते पोचले नाहीत, कारण साच्यापाशी कुणी ऐकायला गेले नाही. कोअर, व्हेंट, पॅटर्न, हीट नंबर हे शब्द इथल्या माणसांनी आपले केले आहेत. त्यांना हुसकावण्याची काही गरज नाही. उणीव नामांची नाही. ‘यामुळे’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘तोवर’ या शब्दांनी बांधलेल्या वाक्यांची आहे, आणि ते शब्द मराठीत मुबलक आहेत.

तिसरा आक्षेप लहान कारखान्यांचा. आमच्याकडे प्रणाली घ्यायला पैसा नाही, मग नोंद कशी ठेवणार? आडात नसेल ते पोहऱ्यात येत नाही. ज्या कारखान्यात बदलाचे कारण विचारण्याची सवय नाही, तिथे महागडी प्रणाली आली तरी रकाने तपासणीच्या आदल्या आठवड्यात एकहाती भरले जातात. आणि जिथे सवय आहे तिथे शंभर पानी वही पुरते. वाहनउद्योगाच्या पुरवठादारांना लागू असलेले २०१६ चे आयएटीएफ १६९४९ हे मानक बदलांवर नियंत्रण ठेवण्याची लिखित पद्धत मागते. अमुकच कंपनीची प्रणाली विकत घ्या, असे ते सांगत नाही.

चौथा आक्षेप अगदी अलीकडचा. कारण लिहिण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील, असे म्हटले जाते. ती लिहील आणि सुरेख लिहील, यात शंका नाही. पण भोक तिने पाहिलेले नसते. साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला न विचारता तयार झालेले सुबक कारण हे रिकाम्या रकान्यापेक्षाही धोक्याचे, कारण रिकामा रकाना निदान आपण रिकामा असल्याचे कबूल तरी करतो.

राहिला आमच्याच घरचा हिशेब. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सोहळे झाले, भाषणे झाली. अभिजात म्हणजे प्राचीन, एवढ्यावर आपण थांबलो आहोत. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात आपण बातमी, जाहिरात आणि सूत्रसंचालन शिकवतो. म्हणजे विकण्याची आणि मिरवण्याची भाषा. घडवण्याची भाषा तिथे नाही. ज्या जिल्ह्यात विद्यार्थ्यांच्या घरातली माणसे फाउंड्रीत आणि मशिन शॉपमध्ये राबतात, तिथे ही उणीव योगायोगाची मानता येत नाही. ती वर्गीय आहे, आणि साहित्याच्या शुद्धतेच्या नावाखाली आपण ती चालवून घेतली आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो. कारखान्यांनी बदलाची विनंती बोलणाऱ्याच्या शब्दांत आणि बोलणाऱ्याच्या नावाने टिपावी. नामंजूर झालेल्या विनंत्याही नाकारण्याच्या कारणासह जपाव्यात. चिकित्सक आवृत्तीत नाकारलेला पाठ तळटीपेत राहतो तो याचसाठी, की पुढच्या संपादकाला तोच खरा वाटण्याची शक्यता उरावी. ‘अ‍ॅज पर रिक्वायरमेंट’ ही तीन पदे कारणाच्या रकान्यातून हद्दपार करावीत. आणि मराठी विभागांनी उपयोजित मराठीच्या एका सत्रात विद्यार्थ्यांना शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला पाठवावे. साच्यापाशी उभे राहून ऐकायला लावावे आणि ऐकलेले पाच वाक्यांत लिहायला लावावे : काय दिसले, कुठे दिसले, कशामुळे होत असावे, काय करावे, न केल्यास काय होईल. त्या पाच वाक्यांची तपासणी प्राध्यापकाने एकट्याने करू नये. ज्याचे बोलणे ऐकले त्याला ती वाचून दाखवावीत आणि तो ‘व्हय, असंच हाय’ म्हणाला तरच गुण द्यावेत.

हे करण्याला मंडळाची मंजुरी लागेल, अभ्यासक्रमात बदल करावा लागेल. त्या बदलाच्या प्रस्तावात ‘कारण’ या शीर्षकाखाली आपले विभाग काय लिहितात, याची आम्ही वाट पाहत आहोत.